चाचणीचा तंबू

"आपलीच माणसं उघड्यावर पडलेली असताना तुम्ही परदेशात तंबू कसले पाठवता?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, दहाव्याच्या घाटावर विचारला गेलाय, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरने माझ्या तोंडात यंत्र घातल्यावर विचारलाय. तेव्हा उत्तर देता येत नव्हतं म्हणून मला बरंच वाटलं. एरवी मी संस्थेने पढवलेलं उत्तर द्यायचे, की माणुसकीला सरहद्द नसते. विचारणारा मान हलवायचा आणि आम्ही दोघंही जिलबीकडे वळायचो. आता मी निवृत्त झाले, मला कुणी विचारत नाही, आणि नेमकं आताच माझ्याकडे खरं उत्तर आहे. ते ऐकायला गोड नाही. दिवाळी अंकात फराळासोबत वाचायचं असेल तर हे पान उलटा.

मी सव्वीस वर्षं एका सेवाभावी संस्थेच्या गोदामात काम केलं. गोदाम कार्ले आणि मळवलीच्या मधे, पूर्वीच्या भातखाचरात. आधी तंबूंना ठिगळं लावायचे, मग घडीच्या टेबलावर गेले, आणि शेवटची अकरा वर्षं गोदामप्रमुख होते. दुसऱ्या देशात भूकंप झाला, वादळ झालं, की आपल्याकडून जी मदत जाते तिच्यात आमचे तंबू असायचे. कापड कापून शिवण व्हायची ती आंबीच्या कारखान्यात. आमच्याकडे तपासणी, दुरुस्ती, घडी आणि बांधाबांध. ट्रक बंदराकडे निघाला की आमचं काम संपलं. पुढे त्या तंबूत कोण राहिलं, किती दिवस राहिलं, ते आम्हाला कधी कळलं नाही.

तंबूची घडी म्हणजे साडीची घडी नव्हे. तंबू उघडणारा माणूस दमलेला असतो, रडून आलेला असतो, त्याला आपली भाषा येत नसते आणि बहुतेक वेळा अंधार पडत आलेला असतो. पिशवीत हात घातला की त्याला आधी हातोडी आणि खुंट्या लागल्या पाहिजेत, मग जमिनीचं कापड, मग खांब, आणि सगळ्यात शेवटी छप्पर. म्हणून आम्ही भरताना उलटीकडून भरायचो. सूचनांच्या कागदावर अक्षरं नसत, नुसती चित्रं. माझ्या हाताखाली बारा बायका, त्यातल्या सात जणींना सही येत नव्हती, पण त्या कागदावरचं चित्र चुकलं तर त्या मला हाका मारून दाखवायच्या. एकदा चित्रातल्या माणसाने खुंटी तंबूच्या आतल्या बाजूला कललेली ठोकली होती. "ह्या बाबानं जलमात गोठा बांधला न्हाई," पारूबाई म्हणाली. चित्र बदलावं लागलं.

या बायकांची एक खोड होती. प्रत्येक पिशवीत छपराच्या घडीत त्या एक जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं घालायच्या. झोळीसाठी. पलीकडच्या देशातल्या संस्थेने पत्र लिहिलं, की सामानात यादीबाहेरची वस्तू सापडते आहे, हे काय आहे? अध्यक्षांनी मला लोणावळ्याला बोलावून समज दिली. मी ती समज पारूबाईला दिली.

"मंग तंबूत ल्येकरू निजवायचं कुटं?" ती म्हणाली. "धोंड्यावर?"

लुगडी बंद झाली असं मी लेखी कळवलं. त्यानंतर बायका घडी घालताना मी छताकडे बघायचे. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

गिऱ्हाईकंही यायची. पवनेच्या धरणाकडचा एक इसम काळा चष्मा डोक्यावर चढवून आला आणि म्हणाला, "मॅडम, वीस तंबू द्या. कँपिंगला." मी म्हटलं, अहो, हे आपत्तीग्रस्तांचे तंबू आहेत. "त्येच तर," तो म्हणाला. "लय मजबूत असणार. शनवार-रव्वार आमचं फुल्ल असतंय." मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि महिनाभर सगळ्यांना ही गोष्ट हसत सांगितली. आमच्या मावळात माणसं हौसेने, पैसे मोजून तंबूत झोपायला येतात. तेव्हा मला त्यात फक्त गंमत दिसली होती.

आता मेजर.

आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. हे मेजर लान्सनायक म्हणून सुटले होते. नाव नामदेव. गोदामामागच्या बंगल्याचे ते अठरा वर्षं केअरटेकर. केअरटेकर म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मालक मुंबईत, महिन्यातून एखादा शनिवार येणार. बाकीचे दिवस बंगला केअरटेकरचा, म्हणजे तिथली झाडलोट, बाग, कुत्रं, पाण्याचा पंप आणि निघालेले सापसुद्धा त्याचे. त्याला राहायला मागच्या बाजूला एक खोली. बंगला विकला की ती खोलीही विकली जाते, आणि तिच्यातला माणूस तेवढा उरतो. मेजर तसे उरले होते. नव्या मालकाने एजन्सीची गणवेशातली माणसं ठेवली.

फौजेत त्यांची दहा वर्षं झाली होती. बायको आजारी पडली म्हणून ते मधेच सुटून आले, त्यामुळे पेन्शन बसली नाही. बायकोही वाचली नाही. गावची जमीन भावांनी कधीच विकून टाकलेली. एक मुलगी, ती सासरी, तिचं घर म्हणजे दोन खोल्यांत सात माणसं. "लेकीच्या दारात पाय पसरून बसायचं न्हाई," असं ते म्हणायचे, आणि त्यावर वाद घालायची सोय नसे. त्या दहा वर्षांतलं एक वर्ष ते शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत होते. तिथे काय केलं, असं विचारलं की म्हणायचे, "रांग लावली." मला वाटायचं चेष्टा करतायत.

एका सकाळी ते प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन गोदामात आले. दाढी केलेली, बुटांना पॉलिश. उन्हाळा संपत आला होता.

"ताई, एक पत्र पायजे," ते म्हणाले. "मी तुमच्या घरात ऱ्हातो असं."

पेन्शन नसलेल्या जुन्या सैनिकांना सरकारी मदत मिळू शकते. तिच्या अर्जावर पत्ता लागतो आणि पत्त्याला घरमालकाचं पत्र लागतं. त्यांच्या सगळ्या कागदांवर बंगल्याचा पत्ता होता आणि तिथे आलेला एक लिफाफा फाटकावरूनच परत गेला होता. कचेरीतला कारकून भला होता. त्याने त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सांगितलं, कुणाचा तरी पत्ता आणा, बाकीचं मी बघतो.

"खोली नको, ताई," मेजर म्हणाले. "झोपायचं मी बगतो कुटं बी. नुसता कागुद द्या."

इथे मला माझ्या गावाची एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती माझी बाजू मांडण्यासाठी नाही. महामार्ग आला, बंगले आले, आणि आमच्या जमिनींना असा भाव आला की आम्ही एकच धडा गिरवला. आपल्या कागदावर दुसऱ्याचं नाव येऊ द्यायचं नाही. सातबाऱ्यावर सख्ख्या बहिणीचं नाव राहिलं तरी माणसाची झोप उडते. पाहुणा आला, महिनाभर राहिला, जेवला, तरी कुणी हूं की चूं करत नाही. पण त्याच्या कागदावर आपला घरनंबर पडला की संपलं. माझा मुलगा तळेगावच्या कंपनीत आहे, शिकलेला आहे, तोही तेच म्हणाला, "आई, नाव चढवायला एक मिनिट लागतं, उतरवायला कोर्ट लागतं."

घर माझ्या नावावर आहे. नवरा गेल्यावर मी ते माझ्या पगारातून बांधलं. खाली दोन खोल्या आणि वर एक, संडास-बाथरूमसकट. वरची खोली शनिवार-रविवारी आम्ही पाहुण्यांना भाड्याने देतो.

दुसऱ्या दिवशी मी मेजरना सांगितलं, "घर पोराच्या नावावर हाय, मेजर. त्यो न्हाई म्हणतोय."

"बरं, ताई," ते म्हणाले. कागद पुन्हा पिशवीत घातले, पिशवीची घडी घातली आणि खिशात ठेवली.

टोचणी लागली की माणूस भलतंच काहीतरी देऊन टाकतो. माझं तसंच झालं. आमच्याकडे नियम होता, की आंबीहून आलेल्या प्रत्येक खेपेतला एक तंबू गोदामाच्या आवारात उभा करायचा, आठ दिवस पावसात ठेवायचा आणि गळतो का ते पाहून अहवाल द्यायचा. लोणावळ्याच्या पावसात टिकला तो तंबू जगात कुठेही टिकेल, असं अध्यक्ष प्रत्येक भाषणात सांगत. त्या वर्षीच्या खेपेचा तंबू मी जूनमध्ये लावला आणि मेजरना म्हटलं, "आत राहून बघायला माणूस पायजे. त्याशिवाय गळतंय कुटं ते कळत न्हाई." त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि "जी" म्हणाले. आठ दिवस झाले. मी अहवालात लिहिलं, चाचणी चालू आहे. जुलै गेला, ऑगस्ट लागला, आणि चाचणी चालूच राहिली. एवढा तपासलेला तंबू आपल्या देशात दुसरा नसेल.

मला वाटलं होतं मी त्यांच्यावर उपकार करते आहे. पण मेजरनी ती चाचणी खरोखरच केली. तंबूभोवती वीतभर खोल चर खणला आणि पाणी शेताकडे काढून दिलं. दोर किती सैल सोडले म्हणजे वाऱ्यात कापड फाटत नाही, ते बायकांना दाखवलं. चौथ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "ताई, हवेच्या खिडकीवरची शिवण पाणी पितीया. हितं निजा म्हंजी कळंल." मी निजले नाही, पण बादलीने पाणी ओतून पाहिलं. खरंच थेंब धरत होता. आठ दिवस बाहेरून पाहून आम्हाला हा दोष कधी दिसला नसता. सगळ्या खेपेची ती शिवण आम्ही पुन्हा घातली. जगात कुठल्यातरी बाळाच्या अंगावर गळलं असतं ते पाणी आधी मेजरच्या अंगावर गळलं. हे मी कुठल्याही अहवालात लिहिलं नाही, म्हणून इथे लिहिते.

त्याच पावसाळ्यात समितीची ती बैठक झाली. लोणावळ्यात, अध्यक्षांच्या बंगल्यावर. मदत बाहेर पाठवायची की घरच्या सैनिकांना द्यायची, असा विषय होता. एक सभासद टेबलावर हात आपटून म्हणाले, "आपले जवान रस्त्यावर आणि आपण परक्यांना छप्पर पुरवतोय! लाज वाटली पाहिजे." मळवलीत त्यांचा सहा खोल्यांचा बंगला आहे, वर्षातले अकरा महिने कुलपात. एक निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या, "दुःखाला पासपोर्ट नसतो." त्यांचाही बंगला आहे, पण चारच खोल्यांचा. दोन तास असं चाललं होतं. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत होती, कुणी ढोंगी नव्हतं. कुणी कुठल्याही सैनिकाला ओळखत मात्र नव्हतं.

मी दाराशी खुर्ची घेऊन बसले होते, साठा सांगायला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

आमच्याच आवारात, आमच्याच तंबूत तो रस्त्यावरचा जवान राहतो, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. सहा खोल्या आणि चार खोल्या समोरच बसल्या होत्या. पण ते बोलले असते तर माझी लांबलेली चाचणी उघडी पडली असती, आणि माझ्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती.

"समिती ठरवेल तसं," मी म्हटलं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली.

ऑगस्टच्या शेवटी दूरच्या एका बेटावर वादळ झालं. दोन दिवसांत सगळा साठा पाठवायचा असा निरोप आला. किती तंबू जाणार ते अध्यक्षांनी वर्तमानपत्रात सांगूनही टाकलं होतं. आम्ही भरायला बसलो तर एक पिशवी उंदरांनी कुरतडलेली, घडीचे सगळे पदर पोखरून छपराची चाळण झालेली, ठिगळापलीकडची. एक तंबू कमी. मी म्हटलं, जाऊ दे, एकाने काय होतं, चिठ्ठी जोडू.

मेजर दारात उभे होते.

"एक कमी धाडू नका, ताई," ते म्हणाले. "मी रांग लावल्याली हाय. तिकडं एकदा आमचं वाटप सपलं आन् एक बाई ऱ्हायली. तिची तीन पोरं. ती रडली न्हाई, भांडली न्हाई. चिठ्ठी दिल्याली हुती तिला, ती हातात घेऊन सांजच्यापतूर तितंच बसली. हितनं कुणी म्हणलं आसंल, एकानं काय हुतंय. मी तिच्याम्होरं बंदूक घेऊन हुबा हुतो."

मग ते आवारात गेले आणि आपला तंबू उतरवायला लागले.

मी मागे धावले. "मेजर, चार दिवसात आंबीवरनं नवी खेप येतीया. दुसरा लावून देते तुमास्नी. तवर गोदामात निजा."

"व्हय की," ते म्हणाले. "चार दिसाचं काय."

ओला तंबू घडीत घातला तर आठवड्यात बुरशी धरतो. मेजरनी तो शेडमध्ये टांगला, दोन पंखे लावले, चिखल ब्रशने काढला, खुंट्या घासून चकचकीत केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घातलेली घडी मी माझ्या बायकांना दाखवली. सव्वीस वर्षांत तशी घडी मी पाहिली नाही. पिशवीचं तोंड बांधताना त्यांनी पारूबाईला हळूच विचारलं, "लुगडं घातलं का?"

ट्रक निघायच्या वेळी समितीला झेंडा दाखवायला कुणीतरी सैनिक हवा होता. टेबलावर हात आपटणाऱ्या सभासदांचा राग शांत करायची ती युक्ती होती. मी मेजरना पुढे केलं. त्यांना शाल घातली, नारळ दिला, फोटो काढले. मेजरनी हिरवा झेंडा हलवला आणि ट्रक वळेपर्यंत सलाम धरून ठेवला. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यांच्या मागे आवारात पिवळ्या पडलेल्या गवताचा एक चौकोन दिसतो. तंबू तिथे होता.

नवी खेप आली नाही. समितीने आंबीला सांगून टाकलं होतं, की सध्या थांबा. दसऱ्याच्या सुमारास समितीने ठराव केला, परदेशी मदत बंद, त्याऐवजी माजी सैनिकांसाठी निवास बांधायचा. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मी पारूबाईला पेढा दिला. मोठं भूमिपूजन झालं, कोनशिला बसली, मेजरना दुसरी शाल मिळाली. मग निवासात जागा मागण्याचा अर्ज आला. त्यात पहिलाच रकाना, मावळचा रहिवासी असल्याचा पुरावा. मी त्या टेबलावर हात आपटणाऱ्या सभासदांना फोन करून म्हटलं, साहेब, ज्याला घर आहे तो इथे येईल कशाला? ते म्हणाले, "ताई, नियम सगळ्यांना सारखा. उद्या कुणीही येऊन म्हणेल मी इथला."

त्याच भीतीचं वाक्य माझ्या घरातही बोललं गेलं होतं.

पुढे निवासाच्या जागेवर दोन भावांचा दावा निघाला आणि कोनशिलेवरचा झेंडू वाळून गेला. आता तिथे बकऱ्या चरतात. पुढच्या वर्षी आणखी एका देशात घरं पडली, फोन आला, आणि आमच्याकडे पाठवायला एकही तंबू नव्हता. तिकडचं थांबवलं म्हणून इकडे काही आलं असं झालं नाही. दोन्हीकडची माणसं उघड्यावर राहिली आणि त्या भांडणात दोन्हीकडचे लोक जिंकल्यासारखे घरी गेले. गोदाम समितीने भाड्याने दिलं. काळा चष्मा डोक्यावर चढवणारा तो कँपिंगवाला तिथे आता आपले तंबू ठेवतो. तोवर माझी नोकरी संपली होती.

मेजर एवढे दिवस कुठे राहिले, हे विचाराल. गोदामात मोजून चार रात्री, पुढे तिथे झोपायला समितीची परवानगी नव्हती. मग बंद बंगल्यांच्या पडवीत, वॉचमन ओळखीचा असेल तोवर. वॉचमन बदलला की दुसऱ्या पडवीत. मधे कुणाच्या तरी भाताच्या खळ्यावर राखणीला. शेवटी मळवली स्टेशनच्या बाकावर. मी डबा न्यायचे, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि त्याबद्दल स्वतःला शाबासकीही द्यायचे. त्यांच्याकडे अंथरायला-पांघरायला चार शाली झाल्या होत्या, कारण पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला कुणी ना कुणी त्यांना बोलवायचं. पण सत्काराची शाल पातळ असते. ती पांघरायला नसतेच, खांद्यावर टाकून फोटो काढायला असते. आणि मावळातली पौषातली थंडी फोटोत येत नाही.

त्या सगळ्या काळात माझी वरची खोली सोमवार ते शुक्रवार रिकामी होती. गादी होती, दोन रजया होत्या, गरम पाण्याचा गीझर होता. मी मुलाजवळ विषय काढायचे, तो म्हणायचा सीझन संपू दे, मी म्हणायचे बरं. दोष त्याचा नाही. घर माझ्या नावावर आहे. आपली माणसं की परकी, हा प्रश्न ज्या घरात तावातावाने विचारला जातो त्या घरात बहुतेक एक खोली रिकामी असते, हे माझं उत्तर. माझ्या घरात होती. मी लोकांना सव्वीस वर्षं छप्पर पाठवलं आणि बाकावरच्या ओळखीच्या माणसाला डबा दिला.

गेल्या जानेवारीत पारूबाईचा फोन आला, "ताई, मेजर उठंना झाल्यात. अंग तव्यावानी तापलंय." मी आणि माझा मुलगा रिक्षा घेऊन गेलो. लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. नाव लिहिलं, वय अंदाजाने लिहिलं. मग पत्ता.

मेजर मागे स्ट्रेचरवर होते. धाप लागली होती, तरी म्हणाले, "पत्त्याबिगर न्हाई का चालत, बाई?"

मी माझा घरनंबर लिहिला. खाली मळवली, तालुका मावळ. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. मुलगा शेजारी उभा होता, त्याने फॉर्म उचलून खिडकीत दिला. मी वळून मेजरना म्हटलं, "लिवला पत्ता. माझ्या घरचा."

त्यांनी डोळे उघडले. "घर पोराच्या नावावर हाय न्हवं, ताई? त्याला तरास हुईल."

"न्हाई, मेजर," मी म्हटलं. "माझ्याच नावावर हाय. पयल्यापास्नं."

"म्हाईत हुतं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मला आज एवढं जड गेलं नसतं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन सगळे अर्ज भरले, सरकारी मदतीचा आणि त्या न बांधलेल्या निवासाचाही. दोन्हीवर माझा पत्ता, जोडीला माझं पत्र, माझी सही. सकाळी पोस्टात टाकले. वरच्या खोलीत धुतलेली चादर घातली. मुलाने स्वतः गीझर चालू करून पाहिला. तिसऱ्या दिवशी पहाटे मेजर गेले. त्यांची मुलगी आली, तिने सगळं केलं, आणि जाताना शाली मला देऊन गेली. तिच्याकडे ठेवायला जागा नव्हती.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. मी अंगणात तांदूळ निवडत बसले होते. पोस्टमनने फाटकातून जाडजूड गुळगुळीत पाकीट दाखवलं. आमच्या समितीचं होतं, निवासाच्या अर्जावरून पत्ता उचललेला. वर छापलं होतं, माजी सैनिकांचा सत्कार, अगत्य येण्याचे करावे. खाली सुवाच्य अक्षरात मेजरचं पूर्ण नाव, आणि त्याखाली माझा घरनंबर. त्यांच्या नावाने या पत्त्यावर आलेलं ते पहिलं पत्र.

"ताई," पोस्टमन म्हणाला, "हे मेजर तुमच्यात ऱ्हात्यात का?"

"व्हय," मी म्हटलं. "वरच्या खोलीत."